तू ठेवलेले काळे चौकोन

ताई,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी निघोज्याहून चिंचवडला आपल्या ऑफिसला येत होतो. तळवड्याच्या चौकात गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि ऐकलं. तुझा भाऊ बोलत होता. सकाळी चहा करताना ओट्यापाशीच कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, म्हणाला. मी "कसं काय" म्हटलं, "विश्वास बसत नाही" म्हटलं, जे जे म्हणायचं असतं ते सगळं म्हटलं. फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: म्हणजे आता सोमवारी माझ्या प्रोग्रामचं रिलीज जाईल.

रडू नंतर आलं. ते खोटं नव्हतं. पण आधी काय आलं हे मला माहीत आहे, आणि ते मी कुणाला सांगू शकलेलो नाही. बायकोलाही नाही. तुलाच सांगतोय, कारण त्या विचारात तूच होतीस. तू कधी कुणाचं नीट ऐकून घ्यायची नाहीस, अर्ध्यातच तोडायचीस. आज पुरतं ऐक.

तुझा बायोडेटा शोकसभेत सगळ्यांपुढं वाचून झाला, तो इथं परत आणत नाही. ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला तू जे सांगायचीस तेवढं मात्र आठवतं. एमआरआय म्हणजे मेंदूचा फोटो, हे सगळ्यांना माहीत असतं. आपलं काम त्याच्या पुढचं. मेंदूचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात कोणतं रसायन किती आहे ते मशीनकडून काढून घ्यायचं. प्रत्येक चौकोनातून एक रेघ येते, तिला स्पेक्ट्रम म्हणायचं; रेघेवर शिखरं असतात, प्रत्येक रसायनाचं शिखर वेगळं. फक्त ती रेघ सरळ येत नाही. शिखरं वाकडी, एका बाजूनं वर, दुसऱ्या बाजूनं खाली. कारण प्रत्येक चौकोनाचा सिग्नल थोडा पुढंमागं होऊन पोचतो. याला फेज चुकणं म्हणायचं, आणि ती दुरुस्त करणं हे आपल्या दोघांचं पोटापाण्याचं काम.

मला हे कळेना, तेव्हा तू मला गणपतीच्या मिरवणुकीत चापेकर चौकात नेऊन उभं केलंस. ढोल पथक चाललं होतं. तू कानात ओरडून सांगितलंस, "सगळे एकच ताल वाजवतायत. पण मागच्याला ऐकू उशिरा येतं, म्हणून तो उशिरा मारतो. कुणाला किती उशीर झाला ते शोधायचं आणि तेवढं मागं घ्यायचं. झालं तुझं फेज करेक्शन." मी मान डोलावली. त्या दिवसापासून मला खरोखरच कळायला लागलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला आधीपासून कळत होतं असा आव आणला.

तरी पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. लॅक्टेट नावाचं एक रसायन आहे. स्कॅनमध्ये सिग्नल टिपायची वेळ आपण ठेवतो तशी ठेवली तर त्याची शिखरं खाली तोंड करूनच येतात, तो त्याचा स्वभाव. मी असा प्रोग्राम लिहिला की खाली तोंड केलेलं जे दिसेल ते वर वळवायचं. सगळे स्पेक्ट्रम कसे शिस्तीत उभे राहिले. छाती फुगवून तुला दाखवायला आणले. तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास.

"हे उलटं होतं असं तुला कुणी सांगितलं?"

"ताई, खाली होतं ना."

"खाली होतं म्हणजे चुकलेलं होतं का?"

मग तू जी हसलीस. दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसात सरळराव झालो. काय सरळराव, आज कुणाला सरळ केलंत? खालच्या टपरीवरचा चहावालासुद्धा तेच म्हणायला लागला. मला राग यायचा, ताई. एकदा तर तुझा नंबर आठवडाभर ब्लॉक केला होता. तुला पत्ताही नव्हता, कारण तू फोन करायचीच नाहीस, सरळ टेबलाशी येऊन उभी राहायचीस. आता मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. चहावाला मुकाट्यानं कप पुढं करतो.

आमच्या यात्रेला तू निघोज्याला आलीस ते आठवतं? आईनं मटणाचा रस्सा वाढला आणि तू भाकरी चुरायची सोडून पोळीसारखे तुकडे तोडून खायला लागलीस. आई म्हणाली, "येवढी शिकली अन् जेवाय न्हाई शिकली व्हय गं?" तू लगेच भाकरी चुरलीस, ताटावर वाकलीस आणि इतकी जेवलीस की आई अजून सांगते. परत जाताना कंपन्यांच्या भिंती बघत तू विचारलंस की यातली आमची जमीन कुठली. मी हात दाखवला. तू नुसती मान हलवलीस. तुझे वडील आयुष्यभर अशाच एका भिंतीच्या आत टूलरूममध्ये कामाला होते. आपण दोघं त्याच भिंतीच्या दोन बाजूंचे, असं मला तेव्हा वाटलं होतं. बरं वाटलं होतं.

आणि मग आपलं भांडण.

तुझा नियम साधा होता. ज्या चौकोनाची रेघ कशीही करून जुळत नाही, जिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, तो चौकोन नकाशात काळा ठेवायचा. आपल्या गिऱ्हाइकांना, म्हणजे स्कॅन सेंटरवाल्यांना, ते काळे चौकोन अजिबात आवडत नव्हते. रंगीत नकाशाला भोकं पडलेली दिसतात, डॉक्टर आम्हाला विचारतात, असं म्हणायचे. त्यांचे फोन मला यायचे. आणि मी त्यांना काय सांगायचो ते आता ऐक. मी सांगायचो, "काय करणार भाऊ, आमच्या ताईंचं खूळ आहे ते. त्या सोडत नाहीत." हसून सांगायचो. तेही हसायचे. वर्षानुवर्षं तुझ्या मागं तुझ्या नावानं हसून मी माझी सुटका करून घेतली.

मग मी त्यावर तोड काढली. ज्या चौकोनाची फेज जुळत नाही, त्याची फेज शेजारच्या चांगल्या चौकोनांवरून ठरवायची. एकही भोक राहिलं नाही. नकाशा कसा अखंड, गुळगुळीत. साहेबांना फार आवडला. आपले डायरेक्टर साहेब तसे वाईट नाहीत, पण त्यांना विकायचं असतं. रिलीजच्या कागदावर सही मात्र तुझी लागायची आणि तू ती देईनास.

"ढोलच फुटलाय त्याचा," तू म्हणालीस. "तो वाजवतच नाहीये. शेजाऱ्याचा ताल घेऊन त्याच्या नावावर कशाला मांडतोस?"

"ताई, जवळजवळचे चौकोन सारखेच असतात."

"ऑपरेशन झालेल्या डोक्यात? जिथून गाठ काढलीय तिथं? डॉक्टर तिथंच बघणार आहे, गाठ परत आली का म्हणून. शेजाऱ्यावरून ह्याचं ठरवू नकोस. ह्याचं ह्याला विचार. तो सांगत नसेल तर 'सांगत नाही' एवढंच लिही."

मला हे पटत होतं की नव्हतं, ते मलाही सांगता येणार नाही. इतकंच माहीत आहे की मला जिंकायचं होतं. तुझ्या हाताखाली राहून राहून मला एकदा तरी तुझ्यापेक्षा बरोबर असायचं होतं.

शेवटच्या मीटिंगला तू तुझी बरणी घेऊन आलीस. मेंदूतली रसायनं पाण्यात मोजून विरघळवलेली प्लॅस्टिकची गोल बरणी, जी आपण प्रत्येक नव्या प्रोग्रामच्या वेळी मशीनमध्ये ठेवून तपासतो. आत काय आहे ते आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून प्रोग्राम खरं बोलतो का ते कळतं. तुझ्या आईला बरेच दिवस वाटायचं की तू ऑफिसात लोणचं घालतेस. ती बरणी नेहमी काठोकाठ भरायची असते, हवेचा एक बुडबुडाही ठेवायचा नाही, कारण हवा राहिली की सिग्नल बिघडतो. हे तूच आम्हाला शिकवलं होतंस. आणि तूच त्या दिवशी म्हणालीस, "ही अर्धी ओतून टाक आणि आडवी ठेवून स्कॅन कर. मग सही देते."

मी म्हटलं, अर्धी बरणी कुणी स्कॅन करतं का. तू म्हणालीस, तू कर. तेव्हा मी साहेबांकडे बघत म्हटलं, "ताईंना काम अडवायला आवडतं. नाहीतर त्यांना विचारणार कोण?"

कुणी हसलं नाही. साहेब फोनमध्ये बघायला लागले. एरवी तू मला तिथंच सोलून काढलं असतंस. पण तू बरणी माझ्यापुढं टेबलावर ठेवलीस, जेवणाचा डबा उचललास आणि गेलीस. जिन्यातून तुझ्या चपलांचा आवाज आला तेव्हा मागं जावं असं वाटलं होतं. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तळवड्याच्या चौकात फोन आला.

साहेबांनी तुझा मान म्हणून रिलीज एक आठवडा पुढं ढकललं आणि मला सांगितलं की आता सही मी करायची. पुण्यानुमोदनाला संत तुकाराम नगरला आम्ही सगळे आलो होतो. पांढरे कपडे, फोटोपुढं मेणबत्त्या. भन्तेजींनी पंचशील दिलं, मग एकेक जण बोलायला उठला. साहेब म्हणाले की ताईंचा वारसा आता प्रमोद चालवील. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. मी उठलो आणि बोललो. चांगलं बोललो, ताई. ढोल पथकाची गोष्ट सांगितली, लॅक्टेटची सांगितली, लोक रडता रडता हसले. मीटिंगची सांगितली नाही. माझ्या बोलण्याची तारीफ झाली. तुझ्या फोटोकडे न बघता मी खाली बसलो.

निघताना तुझ्या आईनं दारात माझा हात धरला. बोटं अगदी थंड होती.

"परमोद, तुमचं भांडन चाललं हुतं म्हनं काहीतरी. मिटलं हुतं का रे?"

"हो आई. मिटलं होतं," मी म्हटलं.

तिनं हात सोडला आणि पुढच्या माणसाला नमस्कार केला.

जिन्यावरून खाली उतरताना मला स्वतःचीच किळस आली. तळवड्याला जे मनात आलं ते आपोआप आलं होतं, त्याला मी काय करणार, असं स्वतःला समजावता येत होतं. हे खोटं मात्र मी सावकाश, तिच्या डोळ्यांत बघून बोललो होतो. तिला बरं वाटावं म्हणून बोललो असंही नाही. मला तिथून निघायचं होतं.

रविवारी दुपारी बरणी घेऊन स्कॅन सेंटरला गेलो. मशीनवर शिंदे होते, आपल्याला नेहमी मशीन देणारे. दुपारी पेशंट नव्हता. मी बेसिनवर अर्धी बरणी ओतली, झाकण लावलं. शिंदेंनी बघितलं.

"ताईंची ना ही? अर्धी का केली?"

"त्यांनी सांगितलं होतं."

"मग त्या होत्या तेव्हा का नाही आणली, भावा?"

ते सहज बोलले. आणि बरणी आडवी ठेवायला उशी शोधायला लागले. बरणीत खाली पाणी, वर हवा. स्कॅन झाला. मी माझा प्रोग्राम चालवला, रसायनांचं एकमेकांशी प्रमाण दाखवणारा नकाशा काढला. शिंदे माझ्या खांद्यावरून बघत होते.

"बरणी तर भरलेली दिसतेय," ते म्हणाले.

पूर्ण गोल. वरपासून खालपर्यंत एकच रंग. कोलीन, क्रिएटिन, सगळं जिथल्या तिथं, जितक्यास तितकं. हवेत, ताई. माझ्या प्रोग्रामनं हवेत मेंदूची रसायनं दाखवली होती. कसं झालं ते बघताक्षणी कळलं. खालच्या पाण्याचा सिग्नल थोडासा वरच्या चौकोनांत झिरपतो, तो वेडावाकडा असतो, आणि तो वेडावाकडा आहे म्हणूनच तो परका आहे हे कळतं. माझ्या प्रोग्रामनं शेजाऱ्याची फेज घेऊन त्यालाही सरळ उभं केलं. मग थोड्याचं थोड्याशी प्रमाण काढलं तर ते खालच्यासारखंच येणार. मी परत एकदा तेच केलं होतं, जे पहिल्या महिन्यात केलं होतं. तेव्हा तू हसली होतीस.

मग तुझा जुना नियम लावून बघितला. वरचा अर्धा भाग काळा झाला. कडेचे काही आणि खाली पाण्यातले दोन-तीन चांगले चौकोनही काळे झाले. तुझा नियम जरा जास्तच कडक होता, हे मी अजूनही म्हणतो. यावर तू मला काय म्हणाली असतीस ते ऐकायला मी काहीही दिलं असतं. शिंदेंनी मला पाण्याची बाटली दिली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

सोमवारी साहेबांपुढं दोन्ही नकाशे ठेवले. मी काही शूर झालो नव्हतो. सांगितलं की यावर सही करत नाही. शेजाऱ्याकडून फेज घ्यायचं काढून टाकतो, काळे चौकोन परत येतील. साहेबांनी दोन्ही नकाशे जवळ ओढले.

"मला वाटलं होतं, आता तरी..." म्हणाले आणि थांबले.

पुढं ते बोलले नाहीत, पण मला पुढचं माहीत होतं. तळवड्याच्या चौकात मीही तेच म्हटलं होतं.  मग ते म्हणाले, "किती वेळ लागेल?" मी सांगितलं. ते "कर" म्हणाले.

तिथून संत तुकाराम नगरला गेलो. तुझी आई एकटीच होती, लसूण सोलत बसली होती. मी चपला काढल्या आणि बसायच्या आधीच सांगितलं, की मी त्या दिवशी खोटं बोललो, आमचं भांडण मिटलं नव्हतं, ती जायच्या आदल्याच दिवशी मी तिला सगळ्यांपुढं वाईट बोललो होतो. काय बोललो तेही सांगितलं. ती लसूण सोलत राहिली.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली. "त्या दिशी ती जेवली न्हाई. भांडन मिटलं की ती दोन घास जास्त खायची."

मी म्हटलं, "तिचंच बरोबर होतं, आई. मी तपासून बघितलं."

"मग हे तिला सांगायचं हुतंस, लेकरा."

एवढंच. रागानं नाही. साल बाजूला काढून तिनं पाकळी वाटीत टाकली. नंतर मला चहा दिला, मी तो प्यायलो, आणि माझी कप विसळायचीही हिंमत झाली नाही. खाली आल्यावर गाडीपाशी बराच वेळ उभा होतो. माफी मागायला आलो होतो आणि ज्याची मागायची ते माणूस त्या घरात नव्हतं, ही गोष्ट मला तोवर नीटशी कळलीच नव्हती. तू असतीस तर मी बरणी अर्धी ओतली असती का? मला नाही वाटत. तुला जावं लागलं, मग मी ऐकलं. याचं देणं कसं फेडायचं ते मला ठाऊक नाही. फिटणार नाही असं वाटतं.

नवीन रिलीज गेलं. पहिल्याच आठवड्यात एका सेंटरवरून फोन आला. ओळखीचा आवाज, मागं कितीदा तरी माझ्याबरोबर हसलेला.

"अहो प्रमोदराव, परत ती काळी भोकं? आम्हाला वाटलं, आता नसतील. त्या तुमच्या ताईंचं खूळ होतं ना ते?"

जीभ जुन्या सवयीनं वळायला लागली होती. हो, काय करणार, इतकं म्हटलं की झालं असतं. तू काही येऊन टेबलाशी उभी राहणार नव्हतीस.

"नाही," मी म्हटलं. "ते मी ठेवलेत."

तो हसायचं थांबला. का ठेवले, म्हणाला. मी अर्ध्या बरणीपासून सुरुवात केली.